घंटावाल्याचं काय झालं

सुधाकर रोकडे चहाचा ग्लास तोंडाला लावण्याआधी त्याच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवत. पूर्ण वर्तुळ, मग चहा. कंपनीच्या गेटबाहेरच्या टपरीवर मी त्यांच्यासोबत अकरा वर्षं चहा प्यायलो आणि ही फेरी त्यांनी एकदाही चुकवली नाही. दोनदा ग्लास परत केला. दोन्ही वेळा टपरीवाल्याला काठ फुटलेला दिसत नव्हता. नख लावून पाहिल्यावर त्याने मुकाट्याने दुसरा ग्लास दिला.

ते आमच्याकडे फायनल इन्स्पेक्टर होते. चाकणच्या आमच्या कारखान्यात मोटारींना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनतात. प्रेसवर पत्रा दाबून पार्ट निघतो आणि गाडीत भरण्याआधी रोकड्यांच्या टेबलावरून जातो. मी प्लॅनिंगला, म्हणजे कोणता माल कधी निघायला हवा याचे तक्ते करणारा. माझे निम्मे तक्ते रोकड्यांच्या टेबलापाशी अडकत, त्यामुळे आमची ओळख भांडणातूनच झाली.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दिसतंय, की मोजलंय?" मी म्हणायचो, माल बरा दिसतोय, सोडा. ते म्हणायचे, "दिसतोय, की मोजलाय?" कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की आज फार गर्दी आहे, तर हे विचारणार, "किती?" आमच्या थेरगावच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा मुख्य दाराच्या चौकटीवरून नख फिरवून म्हणाले, "डावीकडे खाली अर्धा मिलिमीटर फट आहे, पावसाळ्यात दार घासेल." पत्नीला राग आला. पावसाळ्यात दार घासलं.

तपासणीच्या फॉर्मवर शेवटी तीन चौकटी असतात. मान्य, नामंजूर आणि डेव्हिएशन. डेव्हिएशन म्हणजे माल मापात नाही, पण गरज आहे म्हणून चालवून घ्या. तिसऱ्या चौकटीत रोकड्यांची सही मी कधी पाहिली नाही. एकदा दिवाळीच्या तोंडावर बाराशे चाळीस ब्रॅकेट त्यांनी अडवले. बाहेर ट्रक उभा, प्लांटचे साहेब स्वतः टेबलाशी आले.

"रोकडे, पाव मिलिमीटरसाठी लाइन बंद पाडणार का गिऱ्हाइकाची?"

"साहेब, चालवून घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सही तुमची करा. मी फक्त मोजतो."

साहेबांनीही सही केली नाही. ट्रक रिकामा गेला. रोकड्यांनी डबा उघडला आणि नेहमीसारखं बारा चाळीसला जेवायला सुरुवात केली.

असा माणूस रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये गोष्ट सांगे, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही.

बस डांगे चौकातून सात वाजून पाच मिनिटांनी निघे. मी तिथे चढायचो. रोकडे संत तुकाराम नगरला चढत. त्यांचे वडील कामगार म्हणून तिथे राहायला आले आणि घर तिथेच राहिलं. पण गोष्ट मोशीपर्यंत सुरू होत नसे, कारण मोशीला बोराटे मामा चढत. मामा तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, मुलं व्यवसायात स्थिरावली, तरी मामा प्रेस चालवायचं सोडत नव्हते. एकतीस वर्षं प्रेसच्या दणक्यात राहून त्यांचा उजवा कान गेला होता आणि डावा अर्धा उरला होता. रोकडे त्यांच्या डाव्या बाजूला बसत. मोशी ते कंपनीचं गेट हा रस्ता ट्रॅफिकसकट सरासरी अडतीस मिनिटांचा. मला वेळा टिपायची सवय आहे, म्हणून सांगतो.

गोष्ट एका परदेशी मालिकेची होती. तिचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून बसमध्ये तिला 'घाटवाली' म्हणत. डोंगरातल्या घाटात एक गाव, गावाच्या तोंडाशी अवाढव्य दार आणि दाराची राखण करणारी बाई. तिचा भाऊ पलीकडच्यांच्या कैदेत. तो सुखरूप परत येत नाही तोवर दार उघडणार नाही, ही तिची शपथ. पात्रांची नावं बसला झेपत नव्हती, तेव्हा रोकड्यांनी सोपी नावं ठेवली. ती बाई 'थोरली', तिचा शत्रू 'कानतुट्या', आणि मनोऱ्यावर रोज घंटा वाजवणारा म्हातारा 'घंटावाला'. नावांपलीकडे त्यांनी काही बदललं नाही. हातवारे नाहीत, आवाज बदलणं नाही. कोण कुठे उभं होतं, हातात काय होतं, किती पायऱ्या चढून गेलं, एवढंच. आमचा इलेक्ट्रिशियन गित्ते, परळीकडचा, मध्येच विचारी, "पण थोरलीच्या मनात काय व्हतं, साहेब?"

"ते दाखवलं नाही."

"अंदाजे सांगा की राव."

"अंदाज हवा तर मागच्या सीटवर जा."

मागच्या सीटवर क्रिकेट चाले. तिथे कुणी जात नसे.

मामांचा जीव घंटावाल्यात होता. तोही बहिरा, तोही एकटाच, आपल्या घंटेपाशी. दुसऱ्या सीझनमध्ये फितूर लोक दाराची चावी चोरायला आले, तेव्हा या म्हाताऱ्याने ती घंटेच्या आतल्या लोलकाला चामड्याने बांधून लपवली. तेव्हापासून घंटेचा आवाज बसला. रोकड्यांनी ते असं सांगितलं, "आधी टण वाजायची. आता थप वाजते." गावात कुणालाच कारण माहीत नाही, माहीत फक्त म्हाताऱ्याला, आणि आमच्या बसला. पुढची चार-पाच वर्षं, सीझन चालू असला की, मामा चढल्याबरोबर विचारत, "आज वाजिवली का?" रोकडे सांगत, "वाजवली. थप." मामा समाधानाने टोपी सारखी करत.

रोकडे मामांना मान देत, त्यालाही कारण होतं. एकदा प्रेसवर रोकड्यांनी पाच पार्ट मोजले, पाचही मापात. मामांनी चालू प्रेसच्या अंगावर तळहात ठेवला होता. म्हणाले, "न्हाई. हाताला बराबर लागत न्हाई. परत बग."

"मामा, मोजलंय मी."

"परत बग."

रोकड्यांनी आणखी वीस पार्ट घेतले. सतरावा मापाबाहेर निघाला. डायला, म्हणजे प्रेसमधल्या साच्याला, केसाएवढी चीर गेली होती. त्या दिवशी रोकड्यांनी फॉर्मवर 'दोष कसा लक्षात आला' या रकान्यात लिहिलं, 'ऑपरेटरचा हात'. ऑडिटला आलेल्या माणसाने त्यावर लाल खूण केली. रोकड्यांनी खोडलं नाही.

मग शेवटचा सीझन आला. मामांची निवृत्ती त्याच महिन्याच्या अखेरीस होती. मालिका आधी संपेल, हिशोब जमला, असं सगळे म्हणत होते. आधीचे सहा सीझन दहा-दहा भागांचे, हा सहाच भागांचा. माझ्या डायरीप्रमाणे पूर्वी एक भाग सांगायला दोन सकाळी लागत. या वेळी पहिला भाग एकाच सकाळी झाला. तिसरा भाग इंद्रायणीच्या पुलावर सुरू झाला आणि कुरुळी फाट्याला संपला. चौदा मिनिटं.

"साहेब, गाडी लई पळवायलाव," गित्ते म्हणाला.

"मी नाही पळवत. तिकडूनच तशी आली."

पाचव्या भागात दार उघडं दिसलं. सहा सीझन जे दार बंद होतं, ते थेट उघडं. भाऊ घोड्यावरून आत आला.

"उघडलं कुणी?" चार जणांनी एकदम विचारलं.

"दाखवलं नाही."

"आन चावी?"

"दाखवली नाही."

सहाव्या भागात कानतुट्या आजारी पडून मेला, थोरलीने गाव सोडलं आणि पडद्यावर नावं आली. रोकड्यांनी सांगणं थांबवलं तेव्हा बस मेदनकरवाडीच्या सिग्नलला होती आणि गेट यायला अकरा मिनिटं बाकी होती. त्या अकरा मिनिटांत बसने रोकड्यांचं जे केलं, ते मला चांगलं आठवतं.

"काय सांगायलाव राव!" गित्ते उभाच राहिला. "इतकी वर्षं झकास सांगितलं अन् शेवटाला कंटाळा आला तुम्हाला. मामांची निवृत्ती म्हणून घाईत गुंडाळलं का नाही, खरं सांगा."

"मधलं खाल्लंत तुम्ही," कुणी मागून बोललं. मागच्या सीटवरचं क्रिकेटसुद्धा थांबलं होतं.

या लोकांनी मालिका कधी पाहिली नव्हती. फोन सगळ्यांकडे होते. पण रोकडे असताना बघायची गरज कुणाला वाटली नाही. त्यांच्या दृष्टीने मालिका म्हणजे रोकडे. ती बिघडली म्हणजे रोकडे बिघडले.

रोकडे म्हणाले, "तक्रार बरोबर आहे. शेवटचा शिक्का ज्याचा, तक्रार त्याच्याकडे येते. शिक्का माझा आहे."

स्वतःच्या बचावात त्यांनी एवढंच म्हटलं. मला इथे एक गोष्ट नोंदवायची आहे. आदल्या संध्याकाळी माझी मुलगी घरी हाच शेवट बघून रिमोट आपटून उठली होती. "बाबा, सगळीकडे लोक चिडलेत. लिहिणाऱ्यांनी वाट लावली," असं तिने मला सांगितलं होतं. म्हणजे दोष कुणाचा हे त्या बसमध्ये रोकड्यांखेरीज फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिलो. मला कुणी विचारलं नव्हतं, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

गेट दिसायला लागल्यावर मामांनी विचारलं, "आन घंटावाला?"

"नाही दाखवला मामा."

"मेला?"

"तेही नाही दाखवलं."

"मग हाय कुठं त्यो?"

रोकड्यांनी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून, नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "विसरले त्याला."

मामा त्यांच्याकडे वळले. "असं कुणी इसरतं व्हय? रोज वाजिवणाऱ्या माणसाला? तू इसरला आसशील सुधाकर. परत बग."

रोकडे सरळ बसले. "बघतो," म्हणाले. "सगळा लॉट परत तपासतो."

निवृत्तीला अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये गोष्ट नव्हती. जो तो कानात इअरफोन घालून बसे. मामा तेवढे रोज विचारत आणि रोकडे आकडा सांगत: दुसरा भाग झाला, घंटावाला नाही. तिसरा झाला, नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर ते प्रत्येक भाग दोनदा बघत, एकदा टीव्हीवर चित्रासाठी आणि एकदा फोनवर, इअरफोन लावून, आवाजासाठी. त्यासाठी त्यांनी कंपनीच्या नमुन्याबरहुकूम फॉर्म आखला होता. मी तो टेबलावर पाहिला. वर लिहिलं होतं, 'लॉट: शेवटचा सीझन, सहा भाग'. खाली एकेक ओळ. दार कुणी उघडलं, चावी कुठे गेली, घंटावाला. उजवीकडे त्याच तीन चौकटी.

"घाई करून उरका की," मी म्हणालो. "सांगा, शेवटच्या भागात मनोऱ्यावर बसलेला दिसतो म्हणून. मामांना तेवढंच बरं वाटेल."

"दिसतो का?"

"नाही, पण..."

"मग?"

निवृत्तीचा दिवस आला तेव्हा शेवटचे तीन भाग बाकी होते. त्या आठवड्यात माल जास्त होता आणि रोकडे रोज उशिरापर्यंत टेबलावर होते. मामांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. संध्याकाळी बस मोशीला थांबली. उतरताना मामा रोकड्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. न्हाई सापडत त न्हाई." रोकडे म्हणाले, "अजून तीन भाग आहेत, मामा." दार बंद झालं. दिलेली वेळ रोकड्यांनी चुकवल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दहा दिवसांनी, रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मोशीला यायचं का? तुमची स्कूटर लागेल." ते मागे बसले. खिशात फॉर्मची घडी होती.

मामांचं घर तीन मजली, नवं. बाजूला दोन म्हशींचा गोठा मात्र जुना. मामा गोठ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. घरी बसून पंधरवडाही झाला नव्हता, पण खांदे खाली आले होते. सून म्हणाली, "दिवसभर कुणाशी बोलत न्हाईत. घड्याळाकडं बघत बसत्यात."

रोकडे त्यांच्या डावीकडे बसले. "मामा, चौथा भाग. एकतीस मिनिटांनी लग्नाची मिरवणूक आहे, वाजंत्री चालू आहे. त्याखाली घंटा वाजते. तीन ठोके. माणूस दिसत नाही. मी सहा वेळा ऐकलं."

"मला काय ऐकू येणार?"

रोकड्यांनी सुनेकडून पितळी परात मागून घेतली, मामांच्या मांडीवर पालथी ठेवली आणि वर फोन ठेवला. "आधी जुनी लावतो. तिसऱ्या सीझनमधली." त्यांनी मामांचा तळहात धरून परातीवर टेकवला.

मामांनी मान हलवली. "थप."

"आता ही."

वाजंत्रीचा गोंगाट सुरू झाला. मामांनी डोळे मिटले. प्रेसपाशी उभे असताना मिटायचे तसे. मला स्वतःला गोंगाटाखेरीज काही कळलं नाही.

"परत लाव."

रोकड्यांनी परत लावलं. तिसऱ्या वेळेला मामांनी डोळे उघडले. "टण हाय ही. मोकळी हाय."

"हो. मोकळी आहे."

"म्हंजी चावी काढली त्येनं!" मामांनी परातीवर थाप मारली, तसा फोन उडून शेणात पडता पडता वाचला. "काढली, म्हणून मोकळी वाजली. फुडच्या भागात दार उघडं दिसलं न्हवं? त्येनंच उघडलं!"

"तसं दाखवलेलं नाही, मामा."

"न्हाई दाखवलं तं न्हाई दाखवलं. आमाला कुणी दाखवलं व्हतं? एकतीस वर्सं प्रेस वाजत व्हता, म्हंजी आमी व्हतो. गाडीत बसणाऱ्याला म्हाईत हाय का बोराटे म्हणून? हाताला लागतंय ना, मग झालं."

माझं मत विचाराल तर आवाज भरणाऱ्यांनी हाताला लागली ती घंटा टाकली असावी. ज्यांनी म्हाताऱ्यालाच गाळलं, त्यांना लोलकाला बांधलेली चावी आठवली असेल, हे मला पटत नाही. पण नंतर घरी मी तो भाग काढून बघितला. एकतीस मिनिटं, बारा सेकंद. तीन ठोके आहेत, आणि मोकळे आहेत.

रोकड्यांनी फॉर्म उलगडला. घंटावाल्याच्या ओळीत पेन टेकवून थोडं थांबले. मग लिहिलं, 'घंटा वाजते. आवाज मोकळा. वाजवणारा दिसत नाही. तपासणी: ऑपरेटरचा हात.' पुढे 'मान्य'वर खूण केली. बाकीच्या ओळी नामंजूर होत्या, त्या तशाच ठेवल्या. सगळ्या लॉटचा निकालही नामंजूरच राहिला. सही करून त्यांनी कागद मामांना दिला. मामांनी न वाचता बंडीच्या खिशात घातला आणि सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, कंपनीची माणसं आलीत."

सोमवारी मोशी गेल्यावर मी बसमध्ये उभा राहिलो आणि ही हकीकत सांगितली, मुलीने सांगितलं होतं त्यासकट. मला गोष्ट सांगता येत नाही. नऊ मिनिटांत संपली. रोकडे खिडकीबाहेर बघत होते. मी 'त्यानेच दार उघडलं' म्हणालो, तेव्हा न वळता बोलले, "तसं दाखवलेलं नाही, हे वाक्य घाला." गित्ते म्हणाला, "अरे च्यायला!" आणि गेट येईपर्यंत बसमध्ये वाद चालला, चावी काढली की आवाजवाल्यांची चूक. रोकड्यांची माफी कुणी मागितली नाही. त्यांनीही पुन्हा कधी गोष्ट सांगितली नाही.

पुढच्या वर्षी आमच्याकडे तपासणीला कॅमेरा बसला आणि रोकड्यांची बदली रांजणगावच्या प्लांटला झाली. त्यानंतर ते मला एकदाच दिसले. आमची बस संत तुकाराम नगरच्या थांब्यावर होती. ते त्यांच्या बससाठी उभे होते, खिशाला तेच पेन, आणि अंगठ्याचं नख थांब्याच्या लोखंडी कठड्यावरून सावकाश फिरत होतं. गित्तेने काच सरकवून हाक मारली, "साहेब, नवीन काय बघायलाव का?"

त्यांनी मान हलवली, नाही. मग दोन पावलं पुढे आले आणि आमच्या बसच्या पत्र्यावर तळहात टेकवून उभे राहिले. इंजिन चालू होतं. बस सुटेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.